१९६५ची एमजीबी, पाचवा गिअर आणि शाफ्टचा घोळ: एका गिअरबॉक्स बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी ठाण्याच्या नौपाड्यातली. मालक रिटायर्ड डेंटिस्ट, आमच्यात सगळेच त्यांना डॉक्टरकाका म्हणतात, इथेही तेच म्हणतो, खरं नाव टाकत नाही. गाडी म्हणजे १९६५ची एमजीबी, दोन सीटची, कापडी हूडवाली, कधीतरी लाल होती, आता विटेच्या रंगाकडे झुकलीये. काकांच्या सासऱ्यांनी ती एका परदेशी कंपनीच्या साहेबाकडून घेतली होती. साहेब मायदेशी निघाला होता आणि गाडी सोबत न्यायचा खर्च त्याला परवडत नव्हता. सासरे गेल्यावर गाडी काकूंच्या नावावर आली, म्हणजे कायदेशीर मालक काकू, चालक काका आणि फुकटचा सल्लागार मी. मी महापे एमआयडीसीत पंपांचं डिझाइन करतो, गाड्यांचा नुसता नाद आहे.

एमजीबी इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची, १९६२ ते १९८०, पाच लाखांच्या वर बनल्या. इंजिन १७९८ सीसी, बी-सिरीज. आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री एमजीबीचं बॉनेट उघडून पाच मिनिटांत घरचाच होतो. गिअर चार. काही गाड्यांना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिनचे फेरे कमी करणारं जोड-युनिट यायचं, या गाडीला नाही. आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांची खास गोष्ट म्हणजे पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न करकरता घुसावा म्हणून असलेली रिंग, नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला आहे, पहिल्याला नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलात की करकर, आणि ती करकर अख्ख्या गोखले रोडला ऐकू जाते.

अडचण काय होती

काकांची तक्रार एका वाक्याची होती: "हायवेला ८० च्या वर इंजिन बोंबलतं, पाचवा गिअर टाकायचाय." मुलगी नाशिकला असते, काकूंना या गाडीतून एकदा तरी नाशिकला जायचं होतं. काकू तशा काही मागत नाहीत, त्यामुळे एकदा मागितलं की विषय संपतो.

आता मी इंजिनिअर असून पहिली चूक इथेच केली, तक्रार जशी आली तशी घेतली. एकदा शेजारी बसून पडघ्यापर्यंत जाऊन आलो असतो तर बरंच कळलं असतं, ते केलं नाही. कागदावर हिशोब मात्र केला. या गाडीचा डिफरन्शियल ३.९०९चा, म्हणजे शाफ्टच्या ३.९०९ फेऱ्यांना चाकाचा एक, आणि चौथा गिअर एकास एक, म्हणजे १,००० आरपीएमला साधारण २८.८ किमीचा वेग. ८० ला इंजिन फिरतं २,७८० च्या आसपास, १०० ला ३,४७० च्या आसपास. ८० ला २,७८० म्हणजे काही बोंबलणं नाही हो, आजच्या छोट्या गाड्याही तेवढ्याच फिरतात. हा आकडा समोर असूनही मला प्रश्न पडला नाही की मग आवाज कशाचा येतोय. गाडीत पाचवा गिअर बसणार या कल्पनेनेच मी इतका खुश होतो की बाकी काही दिसतच नव्हतं, खरं सांगायचं तर.

दुसरी बाजू मिस्त्रींनी सांगितली. मिस्त्री कऱ्हाडकडचे, वागळे इस्टेटला गाळा, तीस वर्षं तिथेच. त्यांनी गाडी गाळ्याबाहेर एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आवो डॉक्टर, पयल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात घुर्र येतंय, चौथ्यात गप. लेशाफ्ट गेलाय." बरोबरच होतं. चौथ्यात ताकद इनपुटकडून थेट मागे जाते, लेशाफ्टवर, म्हणजे बॉक्समधल्या खालच्या गिअरच्या दांड्यावर, लोड येत नाही म्हणून त्याचे बेअरिंग खराब असले तरी चौथ्यात आवाज बसतो. म्हणजे गिअरबॉक्स उघडावा तर लागणारच होता, पाचवा गिअर हवा असो वा नसो.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणीच तक्रार म्हणून मांडली नव्हती कारण साठ वर्षं सगळ्यांनी ती गृहीत धरली होती, ती म्हणजे ट्रॅफिक. घोडबंदर रोडला किंवा तीन हात नाक्याला गाडी ताशी पाच-सातच्या वेगाने सरकत असते, थांबतही नाही आणि धावतही नाही. पहिला घुसत नाही, मग काका दुसऱ्यातच क्लच अर्धा दाबून गाडी ओढत न्यायचे. सहा वर्षांत दोन क्लच प्लेटा खाल्ल्या त्या अशा.

पर्याय

गणपतीच्या दिवसांत काकांच्या घरी बसून चर्चा झाली, प्रसादाचे मोदक संपले तरी चर्चा संपेना.

पहिला पर्याय सरळ, आहे तोच बॉक्स रिबिल्ड करायचा. लेशाफ्ट, बेअरिंग, सिंक्रो रिंगा सगळं इंग्लंडातून मिळतं, एमजीबीच्या पार्टची चणचण नाही. सगळ्यात स्वस्त, गाडी मूळ रूपात. पण पहिल्याला सिंक्रो येणार नाही आणि पाचवा येणार नाही.

दुसरा, ओव्हरड्राइव्हवाला मूळ बॉक्स शोधायचा. लेकॉक कंपनीचं युनिट मागे जोडलेलं असतं, स्विच दाबला की तिसऱ्या-चौथ्याचा रेशो साधारण ०.८० पट होतो. त्या काळातलीच वस्तू, मला मनापासून हाच आवडत होता. पण पहिल्याला सिंक्रो यातही नाही, आणि जुना वापरलेला बॉक्स बाहेरून मागवायचा तर वापरलेल्या मालाच्या आयातीला डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार खात्याची परवानगी लागते. त्या भानगडीत पडायची काकांची तयारी नव्हती.

तिसरा, देशी जुगाड. काँटेसा क्लासिकमध्ये इसुझूचं १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स यायचा. मिस्त्रींना कुर्ल्याच्या भंगार मार्केटात तसा एक सापडला, हजारांत मिळत होता, लाखांत नाही. मधे अडाप्टर प्लेट बनवायची, क्लच प्लेट जुळवायची, लिव्हर वाकवायची. मी त्यासाठी टेप घेऊन कुर्ल्याला गेलो. बॉक्सची उंची, टनेलची (दोन सीटांच्या मधला उंचवटा, ज्याच्या खाली बॉक्स आणि शाफ्ट असतात) रुंदी, लिव्हर कुठे येते, सगळं मोजलं. लिव्हर इतकी मागे येत होती की गिअर टाकताना कोपर सीटच्या पाठीला लागणार, आणि टनेल ठोकून रुंद करावं लागणार.

टनेल ठोकायचं म्हटल्यावर काकांनी कप खाली ठेवला. एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, टनेल त्याचा कणा. आणि जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी जे नियम काढले त्यात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच, म्हणून काकांना तो आत्ता नकोय. पण पुढे जावयाला हवा असला तर? आज टनेल कापलं की तो दरवाजा कायमचा बंद. हा मुद्दा काकांचा, माझा नाही, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता: जे काही लावायचं ते बोल्टने लावायचं, बॉडीला कात्री-हातोडा नाही, आणि मूळ बॉक्स सांभाळून ठेवायचा.

चौथा पर्याय मग उरलाच. फोर्डचा टाइप नाइन. १९८२ पासून फोर्ड सिएरात आलेला पाच गिअरचा बॉक्स, अंगाने सडपातळ, आणि तिकडे एमजीबीत बसवायची तयार किट मिळतात: वेगळं बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं, क्लचवरचं कव्हर), मागचं फाउंडेशन, क्लच प्लेट, प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा), स्पीडोमीटरची केबल. नवीन बांधलेला बॉक्स घेतला तर वापरलेल्या मालाचा प्रश्न मिटतो. किंमत रिबिल्डच्या तिप्पट, वर ड्युटी.

एक किट माझदा एमएक्स-५ च्या बॉक्सचंही असतं, ते मी काकांना सांगितलंच नाही. चार पर्यायांत दोन महिने गेले होते.

रेशोचं गणित, जे आम्ही अर्धंच केलं

इथे जरा थांबतो, कारण हा निर्णय आम्ही घाईत घेतला. जुन्या बॉक्सचे रेशो ३.६४, २.२१, १.३७ आणि १. टाइप नाइनचे, म्हणजे चार सिलिंडरच्या सिएरावाल्याचे, ३.६५, १.९७, १.३७, १ आणि ०.८२. आम्ही शेवटचा आकडा बघितला, ८० ला २,७८० चे २,२८० होणार म्हणून टाळ्या वाजवल्या. पहिला, तिसरा, चौथा तर जसाच्या तसा आहे म्हणून खुश.

दुसऱ्याकडे कोणी बघितलंच नाही. २.२१ चा १.९७ झालाय. पहिल्यात ४,००० पर्यंत खेचून दुसरा टाकला तर आधी इंजिन २,४३० वर यायचं, आता २,१६० वर येतं. सपाटीला काही नाही. येऊरच्या चढाला, दोघं बसलेले असताना, हा फरक पायाला कळतो. स्पीडब्रेकरवर तर फारच, ताशी १५ ला दुसऱ्यात जुनं इंजिन ११५० वर असायचं आता १०२५ वर असतं आणि धडधडायला लागतं. सहा सिलिंडरच्या सिएराचा बॉक्स ३.३६, १.८१, १.२६ असा, त्यात तिसरा-चौथा जवळ आहेत पण पहिला आणि दुसरा आणखी लांब, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि ओढ कमी. किंवा पहिला गिअर लांब केलेला टाइप नाइन करून देतात. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

काय केलं

ऑर्डर देताना सप्लायरने इंजिन नंबरची सुरुवात विचारली. आरसीवर १८जीबी होतं, म्हणजे पाच मेन बेअरिंगवालं इंजिन, १९६४च्या शेवटापासूनचं. ते कळवलं. गाडीचं साल कळवलं. त्यांच्या फॉर्मवर मागच्या ॲक्सलचा प्रकार असाही एक रकाना होता, तो मी रिकामा सोडला. साल कळवलंय ना, त्यावरून कळेलच त्यांना, असं वाटलं. हा रकाना लक्षात ठेवा.

पार्सल दिवाळीनंतर आलं. कस्टमला मी स्वतः गेलो नाही, एजंट केला, तो खर्च वसूल.

एमजीबीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही. इंजिन आणि बॉक्स एकत्र, पुढून, तिरपा करून बाहेर काढावा लागतो. बॉनेट, रेडिएटर, कार्ब्युरेटर आधी काढले. गाळ्याच्या गर्डरला चेन ब्लॉक टांगला, मिस्त्री साखळी ओढतायत, पोऱ्या बॉक्सची शेपटी धरून खाली वाकलाय आणि काका दोन फूट मागे हाताची घडी घालून, दाढ काढताना नातेवाइकाला बाहेर बसवतात ना, तसे. इंजिन सुटून वर आलं तेव्हा टनेलच्या आत सासऱ्यांच्या वेळचं एक चारमिनारचं पाकीट निघालं, तेलात भिजून पारदर्शक झालेलं. काकूंनी ते घरी नेलं.

क्लचसाठी दोन प्रकार होते. एक कॉन्सेंट्रिक स्लेव्ह, म्हणजे क्लच दाबणारा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, नीटनेटका दिसतो पण लीक झाला की अख्खं इंजिन बाहेर. दुसरा मूळ पद्धतीचा, फोर्क आणि बाहेरून बोल्टने लावलेला स्लेव्ह. मिस्त्री म्हणाले, "आत ठिवला की रडायचं, भाईर ठिवला की पाना फिरवायचा." बाहेरचा घेतला.

तेलावरून थोडी खडाजंगी झाली. एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालतात, त्याची मिस्त्रींना सवय. टाइप नाइनला ते नाही चालत, आणि गाळ्यातल्या ड्रममधलं ईपी ९० जीएल-५ तर नाहीच, कारण त्यातल्या गंधकवाल्या रसायनांनी पितळी सिंक्रो रिंगा खाल्ल्या जाऊ शकतात. ७५डब्ल्यू-८०, जीएल-४ आणलं. त्यात एक बारकावा आहे, या बॉक्सचा पाचवा गिअर मागच्या शेपटीत बसवलेला असतो, मूळ चार गिअरच्या बॉक्सला नंतर जोडलेला, त्यामुळे तेल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. गाडी समपातळीत ठेवून भरायचं, थोडं थांबायचं, परत भरायचं.

मग शाफ्ट लावायला गेलो आणि शाफ्ट बसेना.

माझा रिकामा रकाना. १९६७ पर्यंतच्या ओपन एमजीबीला जुना बॅंजो ॲक्सल असतो, नंतरच्यांना ट्यूब ॲक्सल, आणि दोघांना शाफ्टची लांबी वेगळी लागते. सप्लायरने रिकाम्या रकान्याचा अर्थ ट्यूब असा घेतला. दुसरा मागवायचा तर महिना जाणार. मिस्त्री म्हणाले कशाला, मागच्या गल्लीत टर्नर आहे, पाइप बदलून वेल्डिंग करून देईल, दोन दिवसांत. मी हो म्हणालो. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, म्हणून तेही हो म्हणाले. ही जबाबदारी पूर्ण माझी.

घोळ

गाडी सुरू झाली. पहिला गिअर लोण्यात सुरी घालावी तसा, चालत्या गाडीत. काकांनी गाळ्याच्या गल्लीत सात वेळा पहिला टाकून बघितला, नुसता आनंद. स्पीडोमीटर चुकीचं दाखवत होतं, कारण नव्या बॉक्सच्या ड्राइव्हचे फेरे वेगळे. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाम बीच रोडला रविवारी सकाळी आकडे लिहून घेतले आणि केबलच्या मधे छोटा रेशो अडाप्टर बसवला, तो विषय संपला.

मग गाडी हायवेला काढली आणि माजिवडा-वडपेच्या कामांतून बाहेर पडून रस्ता मोकळा मिळाल्यावर, ६५ पासून थरथर सुरू. ८० ला सीटच्या खालून भुंगा शिरल्यासारखी. काकांचं तोंड उतरलं. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मिस्त्रींचं निदान तिथल्या तिथे: बेल हाउसिंग सेंटरला नाही. नवीन हाउसिंग, जुनं इंजिन, मध्य जुळला नसणार. ते अशक्य नव्हतं. क्रँकचा मध्य आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत नसला तर बेअरिंग मरतात, गिअर निसटतात, क्लच थरथरतो. आणि आम्ही बसवताना हे मोजलं नव्हतं, त्यामुळे "नाही, ते बरोबर आहे" असं छातीठोक म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. परत बॉनेट, परत रेडिएटर, परत चेन ब्लॉक. दोन आठवडे गेले.

या वेळी मी ऑफिसमधून मॅग्नेटिक स्टँड आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मीटर) नेलं. स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवलं, काटा हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवला आणि इंजिन हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवलं. काटा पुढे-मागे मिळून ०.०८ मिमी फिरला. पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.१३ मिमीच्या आत असलं की चालतं. हाउसिंग निर्दोष.

आता गंमत बघा, हे सगळं न उघडता कळलं असतं, आणि ते मला त्या रात्री घरी जेवताना सुचलं, भात कालवताना, म्हणजे फार उशिरा. प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो हे गाडीच्या वेगावर ठरतं, गिअरवर नाही. ८० ला शाफ्ट २,७८० नेच फिरणार, चौथ्यात असा की पाचव्यात. इंजिन मात्र चौथ्यात २,७८० आणि पाचव्यात २,२८०. म्हणजे ८० ला गाडी धरून ठेवायची, चौथ्यातून पाचव्यात जायचं, मग क्लच दाबून न्यूट्रल करायचं. थरथर बदलली तर इंजिन, क्लच नाहीतर बॉक्स. तशीच राहिली तर बॉक्सच्या मागचं काहीतरी. पाच मिनिटांचं काम, पैसे शून्य.

इंजिन परत बसवून हीच टेस्ट केली. चौथ्यात भुंगा, पाचव्यात तोच भुंगा, न्यूट्रलला इंजिन आयडलवर आणि तरी तोच भुंगा. काका म्हणाले चाक असेल, स्पोकची चाकं आहेत, बॅलन्स गेला असेल. पण चाक ८० ला सेकंदाला बाराच फेरे घेतं, त्याची थरथर जाड असते, स्टिअरिंग हलतं. हा बारीक गुणगुणणारा होता. शाफ्टच.

शाफ्ट काढून गाळ्याच्या फरशीवर ठेवला. दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या वाकत्या सांध्यांच्या, भोकांतून मिस्त्रींनी एकेक सळई घातली आणि एका टोकाला पालथे झोपून बघितलं. दोन्ही सळया एकमेकींना झाकायला हव्या होत्या. मागची सळई तिरकी, घड्याळात बाराला पाच कमी असताना काटे असतात तशी. टर्नरने दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुबेळकी) एका रेषेत न ठेवताच वेल्डिंग मारलं होतं. एका क्रॉसमुळे वेगात जो झोल येतो तो दुसऱ्याने उलटा करून काढायचा असतो, म्हणून दोन्ही टोकं एका फेजमध्ये लागतात. ती नसली की झोल कमी व्हायच्या जागी उरतो, प्रत्येक फेऱ्यात दोनदा.

मिस्त्री उठले, हात झटकले, म्हणाले, "म्या सांगितला टर्नर. माझं चुकलं." मी म्हटलं माझा रकाना त्याच्या आधी चुकला. काका म्हणाले, "चहा मागवा."

शाफ्ट रबाळे एमआयडीसीतल्या फक्त शाफ्टचंच काम करणाऱ्या एका जागी नेला, त्यांनी टोक कापून फेजमध्ये लावून बॅलन्सिंग मशीनवर फिरवून दिला. खर्च टर्नरच्या चौपट आणि तरी अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात लहान आकडा.

निकाल

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काका-काकू पहाटे नाशिकला निघाले, मागून मी माझ्या गाडीत, हत्यारं आणि दोरी घेऊन. दोरी लागली नाही. कसारा घाट तिसऱ्यात आणि चौथ्यात निवांत चढली, थरथर नाही, घुर्र नाही, पाचव्यात ८०-८५.

इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "काय मग काका, आवाज?" काका म्हणाले, इंजिनचा गेला. पण आवाज आहेच अजून.

मग परत निघताना मी त्यांच्या गाडीत बसलो, जे सहा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. ७० च्या वर हूडचं कापड डोक्यावर ढोल वाजल्यासारखं फडफडत होतं, मागचे दोन बटणांचे टिचके तुटलेले. आणि सायलेन्सरच्या मधल्या जोडातून फुसफुस येत होती. काका इतकी वर्षं ज्याला "इंजिन बोंबलतंय" म्हणत होते त्यातला निम्मा आवाज, माझ्या अंदाजाने, कापडाचा आणि सायलेन्सरचा. हूडचे टिचके बाजारपेठेतल्या बॅगा शिवणाऱ्याने लावून दिले, सायलेन्सरला नवीन गॅस्केट.

ट्रॅफिकमध्ये फायदा कल्पनेपेक्षा मोठा झाला. दुसरा लांब झाल्यामुळे पहिला जास्त वेळा लागतो, पण आता तो चालत्या गाडीत घुसतो, त्यामुळे क्लचवर ओढत न्यायची वेळ येत नाही. मला विचाराल तर एवढा खर्च पाचव्यासाठी झाला असं म्हणायचं आणि वसूल पहिल्यात झाला असं समजायचं. येऊरचा चढ मात्र आधीपेक्षा वाईट, दोघं असले की पहिल्यातच जावं लागतं आणि काकांना ते अपमानास्पद वाटतं.

परत करायचं झालं तर

आधी शेजारच्या सीटवर बसून तासभर फिरेन, कागद नंतर. हूड काढून एकदा आणि लावून एकदा, म्हणजे वाऱ्याचा आवाज आणि यंत्राचा आवाज वेगळे होतील.

फक्त हायवे हीच अडचण असती तर मी रिबिल्ड आणि हूडच सुचवला असता, पाव खर्चात काम झालं असतं. ट्रॅफिकमुळे टाइप नाइन बरोबर ठरला, पण तो आम्ही त्या कारणासाठी निवडला नव्हता, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. निवडताना सगळे रेशो एकाखाली एक लिहून, आपण रोज ज्या वेगाने चालवतो त्या वेगाला प्रत्येक गिअरमध्ये इंजिन किती फिरेल ते मांडेन. लांब पहिल्याचा बॉक्स घेतला असता तर पहिल्या-दुसऱ्यातली दरी कमी झाली असती, पण येऊरला चढाची सुरुवात जड गेली असती, त्यामुळे तो बरा ठरला असता की नाही यावर माझं आणि काकांचं अजून जमत नाही.

डायल गेज पहिल्याच वेळी, इंजिन बाहेर असताना. अर्धा तास लागतो. आमचे दोन आठवडे गेले ते थरथरीने नाही, न मोजल्यामुळे मिस्त्रींच्या शंकेला उत्तर नव्हतं म्हणून. आणि थरथर आली की पाना हातात घ्यायच्या आधी रस्त्यावरची गिअर बदलायची टेस्ट.

शाफ्ट शाफ्टवाल्याकडेच. महिना थांबायला लागला असता तर थांबलो असतो, गाडी साठ वर्षं थांबलीच आहे.

मूळ बॉक्स काकांच्या माळ्यावर आहे, तेल लावून, प्लास्टिकमध्ये आणि वरून सोलापुरी चादरीत गुंडाळून, फराळाच्या डब्यांच्या शेजारी. चादरीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीये, काकांच्या डॉक्टरी अक्षरात काढल्याची तारीख, खाली "लेशाफ्ट खराब", आणि त्याखाली माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतलेली एक ओळ: "ॲक्सल बॅंजो."